‘पहिला अंक’ नेमका कोणता? : जुनी सुपरहिरो कॉमिक्स जमवणाऱ्यांचा धागा

वेताळटेकडी

इंद्रजाल कॉमिक्सवर इथे बरेच धागे झालेत. अमेरिकन सुपरहिरोंचे जुने अंक जमवणारे मात्र कोपऱ्यात गप्प बसलेले दिसतात. त्यांना बाहेर काढायला हा धागा. माझा जीव एकाच प्रकारच्या अंकांत अडकलाय: एखादं पात्र ज्यात पहिल्यांदा येतं तो अंक. बाजारात त्याला ‘की इश्यू’ म्हणतात. मागचे-पुढचे अंक गठ्ठ्याच्या भावाने जातात आणि हा एकटा सीलबंद प्लास्टिकच्या डबीत विराजमान होतो.

‘पहिल्यांदा येतं’ हे ऐकायला सोपं वाटतं, पण त्यावरून लोक वर्षानुवर्षं हमरीतुमरीवर येतात. सगळ्यात गाजलेलं भांडण वुल्व्हरिनचं, म्हणजे एक्स-मेनमधल्या त्या पंजेवाल्याचं. ‘इन्क्रेडिबल हल्क’चा १८०वा अंक, मुखपृष्ठावर महिना ऑक्टोबर १९७४. हल्क कॅनडाच्या जंगलात, समोर वेंडिगो नावाचा राक्षस, मारामारी रंगात आलेली. शेवटचं पान, शेवटची चौकट, आणि तिथे पिवळ्या-निळ्या कपड्यांतला एक बुटका पंजे काढून उभा. क्रमशः. पुढच्या महिन्यात १८१ आला तो मुखपृष्ठावर याला घेऊनच, आणि आत हल्क, वेंडिगो आणि हा अशी तिहेरी जुंपली. लेखक लेन वीन, पोशाखाची आखणी जॉन रोमिटा सीनियरची, चित्रं हर्ब ट्रिम्पची.

तारीख बघाल तर मान १८०चा. पण लोकांनी १८१ला डोक्यावर घेतलं, ‘फर्स्ट फुल ॲपिअरन्स’ अशी उपाधी देऊन टाकली, आणि बिचाऱ्या १८०ला ‘कॅमिओ’ म्हणून दुसऱ्या पंगतीत बसवलं. आज १८१च्या किमतीच्या लहानशा हिश्श्यात १८० मिळतो.

म्हणून माझं म्हणणं आधीच मांडतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल. कुठला अंक पहिला हे शेवटी गिऱ्हाईक ठरवतं. चौकटी, तारखा, संपादकांच्या मुलाखती हे सगळं नंतर पुराव्याला जोडलं जातं. स्पायडर-मॅनचा शत्रू वेनम, त्याचंच बघा. ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’चा ३००वा (मे १९८८) सगळे मानतात. पण तो २९९च्या शेवटच्या पानावर दात विचकून उभा आहेच. त्याही आधी, १९८६च्या ‘वेब ऑफ स्पायडर-मॅन’ १८मध्ये, गर्दीतून एक हात येतो आणि पीटरला (म्हणजे स्पायडर-मॅनला) आगगाडीसमोर ढकलतो. तो हात त्याचाच, हे वाचकांना पुढे कळलं. नुसत्या हाताला पहिलं दर्शन म्हणायचं का? मनगटापासून मोजायचं की खांद्यापासून?

या, मंडळी.

एडिसनकर

अरे वा, आमच्या दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत. न्यू जर्सीत राहतो, इथल्या कॉमिक शोजना जमेल तसा जातो. १८१चं नाव काढलंत म्हणून घेणाऱ्यांसाठी एक सांगतो. मुखपृष्ठ बघून भाळू नका, आधी वाचकांच्या पत्रांचं पान उघडा. १९७४ ते ७६ या काळात मार्व्हल पत्रांच्या पानावर ‘व्हॅल्यू स्टॅम्प’ छापायचं. कात्रीने कापायचा, वहीत चिकटवायचा, शंभर जमवायचे असा मुलांचा खेळ. १८१मध्ये ५४ नंबरचा स्टॅम्प आहे, शॅना द शी-डेव्हिलचा. पोरांनी तो इमानेइतबारे कापला. त्यांना काय ठाऊक की पंचवीस सेंटच्या अंकातला हा चौकोन पुढे सोन्याच्या भावाने मोजला जाईल!

एका शोमध्ये टेबलावर १८१ ‘कम्प्लीट’ म्हणून मांडलेला पाहिला. मुखपृष्ठ तुकतुकीत, कोपरे टोकदार. विक्रेत्याला विचारून पिशवीतून काढला, पत्रांचं पान उलटलं, तर चौकोनी भोक. इतकं सफाईदार कापलेलं की मिटलेल्या अंकात कळूच नये. मुकाट्याने परत ठेवला. असा अंक ग्रेडिंगला (अवस्था तपासून गुण देऊन डबीत सील करणाऱ्यांकडे) पाठवला तर हिरवं, म्हणजे ‘यात खोट आहे’ सांगणारं लेबल लागतं किंवा ग्रेड तळाला जाते.

आणि मधलं जोडपान पिनांमध्ये घट्ट आहे का, तेही बघा. पिनेतून सुटलेलं पान पुढे हरवतंच.

खडूस_काका

चालू द्या. पंचवीस सेंटचं चोपडं, त्यात एक बुटका पंजे काढतो, आणि त्यासाठी माणसं गाडीच्या किमतीएवढे पैसे मोजतात. वर ते डबीत बंद करतात, म्हणजे वाचायचंही नाही! आमच्या पिढीने इंद्रजालमधला वेताळ वाचला तो पाठ होईपर्यंत, चुरगळेपर्यंत. तुम्हाला हवाय तो शेअरचा कागद. त्यावर चित्र आहे इतकंच.

दुसरं असं की हे पैसे जातात कोणाच्या खिशात? ज्यांनी सुपरमॅन घडवला त्या सीगल आणि शुस्टरला काय मिळालं ते कोणीतरी सांगा इथे.

वेताळटेकडी

सांगतो काका. १३० डॉलर. गोष्ट आणि सगळे हक्क मिळून. आणखी कामांचे पैसे धरून ४१२ डॉलरचा चेक त्यांना मिळाला होता. तो वटवलेला चेक २०१२ साली लिलावात १,६०,००० डॉलरला गेला! नुसता चेक. १९७५मध्ये बरीच बोंबाबोंब झाल्यावर कंपनीने दोघांना वर्षाला वीस हजार डॉलर पेन्शन आणि नावाचं श्रेय दिलं. बॅटमॅनच्या बिल फिंगरचं तर त्याहून वाईट. ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ २७मध्ये (मे १९३९) बॅटमॅन आला तो सहा पानांत, गोष्ट फिंगरची, पण श्रेय कित्येक दशकं एकट्या बॉब केनला. फिंगरचं नाव अधिकृतपणे लागायला २०१५ उजाडलं, तोवर त्याला जाऊन चाळीस वर्षं झाली होती.

तेव्हा पैशाबद्दल तुमच्याशी वाद नाही. ‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक (सुपरमॅन पहिल्यांदा आला तो) २०२४मध्ये साठ लाख डॉलरला गेला, त्यातला छदाम कुठल्या चित्रकाराच्या घरी गेलेला नाही. डबीबद्दल मात्र वाद आहे. माझे बहुतेक अंक डबीबाहेर आहेत, काढून वाचतो. जुन्या अंकाची मजा जाहिरातींत आहे. सी-मंकीजच्या, अंगावर वाळू उडवणाऱ्या दांडगटाला धडा शिकवायच्या. गोष्ट कुठल्याही संग्रहात वाचता येते, या जाहिराती तिथे नसतात.

डोंबिवली_फास्ट_नाही_स्लो

मी नवीन आहे, हसू नका. डेडपूलपासून सुरुवात करायचीय. ‘न्यू म्युटंट्स’ ९८, बरोबर ना? आणि हार्ली क्विनचा पहिला अंक कोणता? बजेट काही हजार रुपये. शिवाय ईबेवर १९९१चा ‘एक्स-मेन’ नंबर एक फारच स्वस्त दिसतोय, नंबर एक आहे तर घेऊन ठेवू का?

एडिसनकर

डेडपूल बरोबर. ‘न्यू म्युटंट्स’ ९८, फेब्रुवारी १९९१.

हार्लीची गंमत आहे. ती जन्मली टीव्हीवर, सप्टेंबर १९९२मध्ये, बॅटमॅनच्या कार्टून मालिकेत. एका भागापुरती जोकरची साथीदार म्हणून आली आणि लोकांना आवडली. कॉमिकमध्ये आली ‘बॅटमॅन ॲडव्हेंचर्स’ १२मध्ये, १९९३ला. टेकडीदादांचं म्हणणं इथे आणखी पक्कं होतं बघा: खरं पहिलं दर्शन कागदावर नाहीच, पण टीव्हीचा भाग विकत घेऊन पिशवीत ठेवता येत नाही. म्हणून मान १२व्या अंकाला.

१९९१चा ‘एक्स-मेन’ एक वाचायला घे, गुंतवणूक म्हणून नको. त्याच्या ऐंशी लाखांवर प्रती गेल्या, गिनेसमध्ये विक्रम आहे. एकाच अंकाची वेगवेगळी मुखपृष्ठं काढली, लोकांनी सगळी घेतली, वर दोन-दोन जास्तीच्या घेतल्या, ‘पोराच्या कॉलेजची फी निघेल’ म्हणून. पुढच्या वर्षी ‘सुपरमॅन’ ७५ काळ्या पिशवीत आला, त्यात तो मरतो. तीच गत. ज्या वस्तूची प्रत्येकाने जपून ठेवण्यासाठी खरेदी केली ती दुर्मीळ होणार कशी? १९३८चा ‘ॲक्शन’ दुर्मीळ झाला कारण त्याला कोणी जपलाच नाही. दोन लाख छापले होते म्हणतात, आज शंभरेक उरले असावेत असा अंदाज आहे. महायुद्धात रद्दी गोळा करायच्या मोहिमा निघाल्या, त्यात गठ्ठेच्या गठ्ठे गेले. बाकीचे आयांनी टाकले.

वेताळटेकडी

डोंबिवलीकर, काही हजारांत मूळ ९८ चांगल्या अवस्थेत मिळणं अवघड. पण हल्ली मार्व्हल आणि डीसी दोघंही ‘फॅक्सिमिली एडिशन’ काढतात: जुना अंक, जुन्या जाहिरातींसकट, जसाच्या तसा. ती घे, वाच, मग ठरव की या रोगाची लागण हवीय का. फक्त नंतर कोणी तीच ‘ओरिजिनल’ म्हणून गळ्यात मारत नाही ना, एवढं बघ. किंमत आणि आतल्या बारीक अक्षरातला मजकूर वाचायचा. तिथे खरं साल असतं.

अवांतर: मुखपृष्ठावरच्या महिन्यावर फार भरवसा ठेवू नये. तो महिना ‘तोवर स्टँडवर ठेवा, मग परत पाठवा’ असं सांगायला असे, अंक आधीच यायचा. ‘ॲक्शन’ एकवर जून १९३८ आहे, विक्रीला आला एप्रिलमध्ये. यावरूनच एक्स-मेनमधल्या गॅम्बिटचं भांडण आहे. सगळे ‘अनकॅनी एक्स-मेन’ २६६ला पहिला धरतात, आणि त्याच वर्षीचा १४वा वार्षिक अंक त्याच्या आधी दुकानात आला, त्यात गॅम्बिट आहे. पण वार्षिक अंकात तो मध्येच टपकतो, ओळख नाही पाळख नाही. गोष्ट २६६मध्ये सुरू होते. लोकांनी गोष्टीच्या बाजूने कौल दिला. मला हा कौल पटतो. १८०-१८१चा पटत नाही.

लायब्ररीवाली

वाचतेय. मार्व्हल-डीसीतलं मला ओ की ठो कळत नाही, पण जुन्या अंकांची अवस्था या विषयावर बोलायचा हक्क आहे, कारण माझ्या बाबांची सर्क्युलेटिंग लायब्ररी होती. खडूस काका, तुमच्या चुरगळलेल्या वेताळाची इस्पितळं आम्ही चालवायचो.

इंद्रजालचा नवा अंक आला की बाबा आधी त्याच्या पिना काढायचे. पिना गंजतात आणि पान तिथेच फाटतं. मग दाभणाने तीन भोकं, मेणाचा दोरा, कण्याशी घट्ट टाके. मुखपृष्ठाला आतून खाकी कागद खळीने चिकटवायचा. पहिल्या पानावर आणि मधे कुठेतरी शिक्का. ‘पान फाडल्यास पूर्ण किंमत भरावी लागेल’ हेही शिक्क्यातच. काही अंक पाच-पाच, दहा-दहा एकत्र बांधून घेतले जायचे, तेव्हा बाइंडर तिन्ही बाजूंनी कडा कापायचा. आता कोणी संग्राहक घरी आले की हे बघून त्यांचा चेहरा पडतो. शिक्का, टाके, कापलेल्या कडा! पण हे केलं नसतं तर त्या अंकांतला एकही आज शिल्लक नसता.

प्रश्न असा: वेताळाचा पहिला अंक कोणता म्हणायचा? इंद्रजाल एक?

वेताळटेकडी

ताई, प्रतिसाद फार आवडला. टाक्यांवर स्वतंत्र धागा काढा ही विनंती.

माझ्या आयडीला स्मरून सांगतो: इंद्रजाल एक, मार्च १९६४, टाइम्स ऑफ इंडियाचं प्रकाशन, ‘द फँटम्स बेल्ट’. आपल्याकडच्या वाचकांसाठी पहिला म्हणा. पण ली फॉकचा फँटम, म्हणजे आपला वेताळ, अवतरला १७ फेब्रुवारी १९३६ला, अमेरिकन वर्तमानपत्रांतल्या रोजच्या पट्टीत, चित्रं रे मूरची. म्हणजे अंगाला घट्ट कपडे आणि बुबुळांविना डोळे हे सुपरमॅनच्या दोन वर्षं आधी. आता वर्तमानपत्राचं कात्रण कोण जमवणार? म्हणून कॉमिक बुकातला पहिला शोधायचा, तर तो ‘एस कॉमिक्स’ ११. त्यात त्याच पट्ट्या पुन्हा छापल्या होत्या. तोही ‘ॲक्शन’ एकच्या आधीचा. तरी त्याचा भाव कुठे आणि सुपरमॅनचा कुठे! दोन वर्षं आधी येऊनही जगाने ‘पहिला सुपरहिरो’ हा टिळा दुसऱ्याला लावला. वेताळाकडे शक्ती नव्हती म्हणतात. एकविसावा वंशज, घोडा, लांडगा, कवटीची गुहा आणि कवटीचा ठसा, एवढ्यावर भागवायचा बिचारा.

जाता जाता: इंद्रजालवाल्यांनी बंगालशी घोळ नको म्हणून ‘बेंगाला’चं ‘डेंकाली’ केलं आणि सिंग चाच्यांचे ‘सिंगा’. त्या अर्थाने डेंकालीचं पहिलं दर्शन शंभर टक्के आपलं.

कागदकिडा

+१. आणि आपल्याच मातीत जन्मलेल्यांचं काय? बहादूर १९७६ला इंद्रजालमध्ये आला, आबिद सुरती आणि गोविंद ब्राह्मणिया यांचा. त्याच्या पहिल्या अंकाबद्दल भांडायला काही नाही, कारण तो आधी कुठे छापलेलाच नव्हता. नागराजचा पहिला अंक १९८६चा, राज कॉमिक्स, हिंदी, पण चित्रं पुण्याच्या प्रताप मुळीकांची. तेच मुळीक ज्यांनी अमर चित्र कथा काढल्या, आणि अमिताभला ‘सुप्रीमो’ केलं त्या कॉमिकची चित्रंही त्यांचीच. ध्रुव १९८७, अनुपम सिन्हा, ‘प्रतिशोध की ज्वाला’. डोगा तर मुंबईचाच. यांच्या पहिल्या छपाईच्या प्रती शोधा, अजून हाताला लागू शकतात. पुनर्मुद्रणं भरपूर झालीत, तेव्हा किंमत आणि मागच्या पानावरच्या जाहिराती बघून पारख करा.

डोंबिवलीकर, तुझ्यासाठी एक: ‘स्पायडर-मॅन : इंडिया’ एक, २००४. पवित्र प्रभाकर, खेड्यातून मुंबईला शिकायला आलेला, धोतर नेसून इमारतींवरून उड्या मारणारा. चित्रं जीवन कांग. चारच अंक निघाले. २०२३च्या ॲनिमेशनपटात तो चमकला आणि लोकांना एकदम आठवलं की हा कुठल्यातरी अंकात आधी येऊन गेलाय. की इश्यू तयार होतो तो असा. पिक्चरची घोषणा झाली की गिऱ्हाइकाची स्मृती परत येते.

आता माझ्या खऱ्या विषयावर येतो. मुंबईत आणि कोकणात कागद जपणं म्हणजे छळ आहे. हे अंक छापले स्वस्त लाकडी लगद्याच्या कागदावर. त्यात आम्ल असतं, कागद आतूनच पिवळा पडून ठिसूळ होतो. दमट हवेत हे लवकर होतं, वर पिना गंजतात आणि कसर लागते. १९७७ला कोलोराडोमध्ये एका व्यावसायिक चित्रकाराच्या, एडगर चर्चच्या, घरी हजारो जुने अंक सापडले, त्यांची पानं चाळीस वर्षांनीही पांढरी होती. हवा कोरडी, अंधार, आणि एकावर एक दाबून रचलेले गठ्ठे, हवा आत शिरायला जागा नाही. संग्राहक त्या अंकांना आजही ‘माइल हाय’ म्हणून जास्त भाव देतात. आपल्याकडे ती हवा कुठून आणणार? जमेल ते करा. मायलारची (पारदर्शक, टिकाऊ प्लास्टिकची) पिशवी, मागे आम्लविरहित पुठ्ठा, कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं नको, सिलिका जेल वेळेवर बदला. डांबरगोळ्या नकोत. सेलोटेप तर नकोच, दहा वर्षांत तपकिरी डाग सोडते.

आणि देवाशपथ सांगतो, लॅमिनेशन करू नका. चांगला पहिला अंक कोणीतरी प्रेमाने दुकानात नेऊन कडक लॅमिनेट केलेला पाहिलाय. त्याचं आता काहीही करता येत नाही.

नाशिककर_नीता

सगळा धागा एका दमात वाचला. माझ्या मामांकडे सुपरमॅनचा अगदी पहिला अंक आहे!! तोच, हिरवी गाडी डोक्यावर उचललेली, वर ‘१० सेंट’ आणि जून १९३८ छापलेलं. मामा अमेरिकेत नोकरीला होते तेव्हा घेतलेला. कोणाला दाखवावा? साठ लाख डॉलर वाचून मामी अजून खुर्चीत बसून आहेत.

एडिसनकर

नीताताई, मामींना पाणी द्या. आणि पट्टी घेऊन अंकाची उंची मोजा.

नाशिककर_नीता

साडेतेरा इंच.

एडिसनकर

मग तो १९७४चा ‘फेमस फर्स्ट एडिशन’ आहे. डीसीनेच काढलेली मोठ्या आकाराची प्रत. वरून वेगळं जाड वेष्टन होतं, त्यावर नाव आणि साल. ते वेष्टन काढून टाकलं की आत हुबेहूब १९३८चा अंक उरतो. तसे काढून टाकूनच अनेकांना विकले गेलेत. मूळ अंक साधारण साडेदहा इंच उंच असतो. तुमचं वाईट वाटतंय, पण ती प्रतही पन्नास वर्षांची आहे आणि त्यात पूर्ण गोष्ट मोठ्या आकारात वाचायला मिळते.

खडूस_काका

बघा! आता मामा तो काढून वाचतील तरी. साठ लाखांचा असता तर हात लावायची चोरी होती.

लायब्ररीवाल्या ताई, ते बांधीव इंद्रजाल विकायचे आहेत का? शिक्का, टाके, कापलेल्या कडा, सगळं चालेल. मला डबी नको.

लायब्ररीवाली

विकायचे नाहीत काका, पण वाचायला नेऊ शकता. अनामत रक्कम भरावी लागेल. पान फाडल्यास काय ते तुम्हाला शिक्क्यात लिहिलेलं दिसेलच. :)

वेताळटेकडी

एडिसनकर, डिसेंबरात येताय असं दुसऱ्या धाग्यावर वाचलं. मायलारच्या पिशव्या आणाल का? सिल्व्हर एजच्या (साधारण १९५६ ते ७०च्या अंकांच्या) मापाच्या माझ्यासाठी. आणि इंद्रजाल त्यात बसतात का, की गोल्डन एजची (त्याआधीच्या अंकांची) रुंद पिशवी लागते? ताईंनी एखादा सुटा अंक मोजून सांगितला तर बरं. १८०-१८१वर कोणीच माझ्या बाजूने बोललेलं नाही, याची नोंद घेतली आहे.

एडिसनकर

आणतो. माप कळवा. १८०च्या बाजूने बोलायला तयार आहे, पण माझ्याकडे १८१ आहे हो!